घोड्यांची दुनळी: स्टीफन ग्रँटच्या जुन्या बंदुकीबरोबर तीन हंगाम

'घोडा दाबला' असे आपण मराठीत सर्रास म्हणतो. वास्तविक बोटाने ओढायचा तो चाप, आणि चाप ओढल्यावर पुढे झेपावून बार उडवतो तो घोडा. हा फरक कोकणातल्या जुन्या शिकाऱ्यांच्या तोंडी अजून शिल्लक आहे. माझ्या आजोबांकडे सावंतवाडीकडच्या गावी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती आणि निवडणूक जाहीर झाली की ती गोणपाटात गुंडाळून ते पोलीस ठाण्यात जमा करून येत. त्या बंदुकीचा घोडा अंगठ्याने मागे ओढताना दोनदा 'कट्' असा आवाज येई, एकदा अर्ध्यावर आणि एकदा पूर्ण मागे गेल्यावर. पुढे नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमजवळ स्थायिक झालो, हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरायला शिकलो, आणि पहिल्यांदा एका जुन्या इंग्रजी दुनळीचे घोडे मागे ओढले तेव्हा तोच दुहेरी आवाज ऐकू आला. जुन्या बंदुकांचा नाद तेव्हापासून लागला. या लेखात मी ज्या बंदुकीचे परीक्षण करतो आहे ती त्या नादातली दुसरी खरेदी आहे. पहिलीची हकीकतही ओघात येईल, कारण तिच्यावाचून दुसरीची किंमत समजणार नाही.

बंदूक आहे स्टीफन ग्रँट यांची १२ बोअरची, शेजारी-शेजारी नळ्यांची, बाहेरच्या घोड्यांची आणि बाजूच्या लिव्हरने उघडणारी. नळ्यांमधल्या पट्टीवर लंडनमधल्या सेंट जेम्सेस स्ट्रीटवरील ६७ए क्रमांकाच्या दुकानाचा पत्ता कोरलेला आहे. ग्रँट यांनी बॉस या प्रसिद्ध पेढीतली भागीदारी सोडून १८६७ च्या सुमारास स्वतःचे दुकान थाटले, आणि बाजूच्या लिव्हरची बंदूक ही त्यांची जणू सहीच ठरली. बहुतेक दुनळ्या आज वरच्या लिव्हरने उघडतात. ग्रँटच्या बंदुकीत मात्र उजव्या बाजूच्या, आत घोड्याची यंत्रणा असलेल्या धातूच्या पट्टीच्या खालच्या कडेला चिकटून एक बारीक, वळणदार लिव्हर असतो, तो उजव्या अंगठ्याने खाली दाबला की नळ्या आपसूक झुकतात आणि मिटताना बोटही लावावे लागत नाही. वजन सहा पौंड दहा औंस, म्हणजे जेमतेम तीन किलो. नळ्या तीस इंची. दस्ता अक्रोडाचा, आणि त्याचा रंग जुन्या देवघराच्या पाटासारखा. मी ती २०२२ साली २,२०० पौंडांना घेतली. लंडनच्या नामांकित पेढीची नवी हातघडणीची दुनळी आज एक लाख पौंडांच्या वर जाते, हे ध्यानात घेतले तर ज्या हातांनी या व्यवसायाचे मापदंड घातले त्यांचे काम एवढ्यात मिळणे ही स्वस्ताई आहे. मात्र ही स्वस्ताई फसवी ठरू शकते, आणि इथेच माझी पहिली खरेदी आठवते.

ती बंदूक मी एका ग्रामीण लिलावात घेतली. कोणत्या लिलावसंस्थेत ते सांगत नाही. चूक माझीही होती. पट्ट्यांवरचे गुलाबांचे कोरीवकाम इतके नाजूक होते की भिंगाखाली पाकळीच्या शिराही दिसत, आणि सूचीपत्रात 'वयाच्या मानाने उत्तम स्थिती' असे लिहिले होते. साडेसहाशे पौंड मोजून मी ती घरी आणली आणि दुसऱ्या आठवड्यात एका जाणत्या कारागिराकडे तपासायला नेली. त्याने कोरीवकामाकडे ढुंकूनही पाहिले नाही. नळ्या सुट्या केल्या, तोंडाकडून उजेडाकडे धरून आतले प्रकाशाचे कडे कुठे वाकडे होतात ते पाहिले, आणि मग भिंतीची जाडी मोजण्याचे गेज डाव्या नळीतून हळूहळू सरकवत नेले. बुडापासून साधारण हातभर अंतरावर काटा घसरला तो थेट ०.३ मिलिमीटरवर येऊन थांबला. कधीतरी कुणीतरी आतले गंजाचे खड्डे घासून काढण्यासाठी नळी आतून तासली होती, नंतर दुसऱ्या कुणीतरी पोचा काढून बाहेरूनही तासली होती, आणि दोघांनी मिळून तिथे पत्र्याएवढीच भिंत ठेवली होती. इथले कारागीर साधारण २० थाउ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश किंवा जवळपास अर्धा मिलिमीटर, ही वापराची खालची मर्यादा मानतात. ती बंदूक आज माझ्या अभ्यासिकेत भिंतीवर आहे, आणि तिचे गुलाब खरोखर सुंदर आहेत.

यातली खरी मेख अशी की ती बंदूक विकण्यात बेकायदा काहीच नव्हते. ब्रिटनमध्ये प्रत्येक बंदुकीची नळी सरकारमान्य प्रूफ हाउसमध्ये नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवून तपासली जाते आणि उत्तीर्ण झाली की तिच्यावर छाप उठवला जातो. लंडनच्या बंदूककारांच्या कंपनीला १६३७ साली सनद मिळाली, आणि बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. बॅनबरी स्ट्रीटवरच्या त्याच्या प्रवेशद्वारावर 'सार्वजनिक सुरक्षिततेसाठी' अशा अर्थाचे शब्द आजही वाचता येतात. छाप उठल्यानंतर नळीचा आतला व्यास ठरावीक मर्यादेपलीकडे वाढला, म्हणजे आतून जास्त घासली गेली, तर ती बंदूक 'प्रूफबाह्य' ठरते आणि १८६८ च्या कायद्यानुसार ती विकणे हा गुन्हा आहे. परंतु हा नियम आतल्या व्यासाचा आहे, भिंतीच्या जाडीचा नाही. आतून मर्यादेत राहून बाहेरून तासलेली नळी कागदोपत्री निर्दोष असते. म्हणून जो विक्रेता 'प्रूफमध्ये आहे' एवढेच सांगतो आणि भिंतीचे आकडे विचारल्यावर विषय बदलतो, त्याच्याकडून काही घेऊ नये, एवढा धडा मी साडेसहाशे पौंडांत शिकलो.

ग्रँट पाहायला गेलो तेव्हा याच कारागिराला बरोबर नेले. त्याने पुढचा लाकडी भाग काढून नळ्या सुट्या केल्या, त्या खालच्या आकड्याने करंगळीवर लटकत्या धरल्या आणि नखाने टिचकी मारली. माठ घेताना आपण तो भाजलेला आहे की तडकलेला हे जसे टिचकीने पाहतो तसाच हा प्रकार: नळ्यांमधली पट्टी कुठे सुटली असेल तर आवाज बद्द येतो, सगळे डाक शाबूत असतील तर घंटेसारखा नाद बराच वेळ घुमत राहतो. या नळ्या घुमल्या. मग बंदूक जोडून, पुढचे लाकूड न लावता, ती आडवी धरून हलवली. नळ्या ॲक्शनवर, म्हणजे त्या ज्या धातूच्या सांगाड्यात बसतात त्यावर, सैल बसल्या असतील तर अशा वेळी खुळखुळतात. काही हलले नाही. शेवटी गेज: उजवी नळी सर्वांत पातळ जागी ०.६९ मिलिमीटर, डावी ०.६६. त्याने मान डोलावली आणि पहिल्यांदाच बंदुकीच्या सौंदर्याविषयी बोलला: "आता नक्षी बघायला हरकत नाही."

नळ्यांच्या बुडाचे सपाट भाग वाचायला शिकणे हा या छंदातला सर्वांत आनंदाचा भाग आहे, निदान माझ्यासारख्या माणसाला, ज्याचे पोट मापांवर भरते. तिथले छाप म्हणजे बंदुकीचे सातबारा आणि फेरफार दोन्ही. डाव्या नळीवर '१३ बी' आणि '१४ एम' असे आकडे आहेत आणि त्यांच्याशेजारी 'नॉट फॉर बॉल' हे शब्द. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातल्या एकीचा व्यास म्हणजे बारा बोअर, असा हा जुना हिशेब आहे, त्यामुळे आकडा वाढला की व्यास कमी होतो. नळी मध्ये १३ बोअरची आणि तोंडाशी १४ बोअरची आहे, म्हणजे ०.७१० इंचावरून ०.६९३ इंचापर्यंत आवळली आहे. हाच तो चोक, ज्यामुळे छर्ऱ्यांचा घोळका लांबपर्यंत दाट राहतो. अशा नळीतून अखंड गोळी झाडू नका, ती तोंडाशी अडकेल, एवढाच त्या इंग्रजी शब्दांचा अर्थ. न्यूकॅसलच्या पेप यांनी १८६६ साली चोकचे पेटंट घेतले होते, परंतु १८७० च्या दशकाच्या मध्यावर बर्मिंगहॅमच्या ग्रीनर यांनी चोकची नळी यशस्वीपणे करून दाखवल्यावर आणि त्यानंतर जाहीर चाचण्या झाल्यावर ती खऱ्या अर्थाने रूढ झाली. 'नॉट फॉर बॉल' हा छाप १८७५ ते १८८७ एवढीच वर्षे वापरात होता. म्हणजे विक्रेत्याच्या शब्दाची गरज नाही. बंदूक आपले वय स्वतः सांगते. तिसरा छाप पुष्कळ नंतरचा आहे: मुकुटाखाली बीएनपी ही अक्षरे, सोबत काडतुसाच्या घराची लांबी अडीच इंच आणि चौरस इंचाला तीन टन असा दाब. १९५४ नंतर कधीतरी कुणा शहाण्या मालकाने या नळ्या बर्मिंगहॅमला पाठवून आधुनिक, धूररहित दारूसाठी पुन्हा तपासून घेतल्या. मूळ बंदूक काळ्या दारूची. या एका छापामुळे ती मला दुकानातल्या काडतुसांनिशी वापरता येते. असा छाप नसलेली बंदूक घेण्याचा मोह मला दोनदा झाला आणि दोन्ही वेळा मी हात आखडला.

या नळ्या दमास्कस पद्धतीच्या आहेत, आणि जुन्या बंदुकांविषयी सर्वांत जास्त गैरसमज असतील तर ते इथे. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र तापवून त्यांच्या कांबी करायच्या, प्रत्येक कांब पिळायची, अशा दोन किंवा तीन पिळलेल्या कांबी शेजारी-शेजारी ठेवून लोखंडी दांड्याभोवती गुंडाळायच्या आणि ठोकून एकजीव करायच्या, अशी ही रीत. गंज चढवून रंग दिला की लोखंड आणि पोलाद वेगवेगळ्या छटा धरतात आणि नळीभर बारीक गुंफण उमटते, सुकलेल्या वाळूवर लाटेने सोडलेल्या रेघांसारखी. सकाळच्या तिरप्या उन्हात ही नळी फिरवून पाहणे हे मला तरी अर्ध्या तासाचे काम होऊन बसते. 'दमास्कस नळ्या फुटतात' असे सरसकट म्हटले जाते. जोड फसलेल्या, आतून गंजलेल्या, किंवा माझ्या पहिल्या बंदुकीसारख्या तासून पातळ केलेल्या नळ्या फुटू शकतात, पण तशा अवस्थेतली पोलादी नळीही फुटेल. चांगल्या कारागिराची, भिंत शाबूत असलेली, पुन्हा प्रूफ झालेली दमास्कस नळी योग्य काडतुसांनिशी वापरणारे शेकडो लोक इथे दर हंगामात दिसतात.

कायद्याविषयी थोडक्यात. ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर १९३९ पूर्वीच्या, कालबाह्य काडतुसांच्या किंवा कालबाह्य पद्धतीच्या बंदुका केवळ संग्रहासाठी ठेवायच्या असतील तर त्यांना परवाना लागत नाही. २०२१ च्या नियमांनी ही व्याख्या पक्की केली. काडतुसाच्या बाजूने खिळा बाहेर आलेला असे, त्या पिनफायर जातीच्या बंदुका या सवलतीत बसतात. १२ बोअरचे साधे काडतूस मात्र कालबाह्य नाही, त्यामुळे माझी ग्रँट दीडशे वर्षांच्या घरात असली तरी कायद्याला ती कालच्या बंदुकीसारखीच आहे: पोलिसांचे प्रमाणपत्र, डॉक्टरांचा अहवाल आणि भिंतीला जखडलेले पोलादी कपाट. फेब्रुवारी २०२५ पासून नव्या प्रमाणपत्राचे शुल्क ७९.५० पौंडांवरून १९४ पौंड झाले, याचीही नोंद घेऊन ठेवावी. आणि सवलतीतली संग्रहाची बंदूकसुद्धा बार उडवण्यासाठी बाहेर काढली की सवलत संपते.

आता वापराकडे. हेरफर्डशायरमधल्या एका लहान शिकारी मंडळात मी वर्गणीदार आहे. ऑक्टोबर ते जानेवारी महिन्यातून दोन शनिवार, आठ बंदुका, दुपारचे सूप आणि दिवसाला फार तर साठ-सत्तर फेझंट पक्षी. हाकारे झाडीतून काठ्या आपटत येतात, पक्षी ओकांच्या शेंड्यांवरून उंच उठतात आणि खालच्या कुरणात आम्ही उभे. अशा ठिकाणी बंदुकीची पहिली परीक्षा म्हणजे ती खांद्याला लागते तेव्हा डोळा कुठे जातो ही. माझी उंची साडेपाच फूट. आधुनिक बंदुकांचे दस्ते मला नेहमी लांब पडतात. कोट जाड असला तर कुंदा काखेत अडकतो. या ग्रँटचा दस्ता सव्वाचौदा इंच आहे आणि ज्याच्यासाठी तो घडवला तो साहेब बहुधा माझ्याच बेताचा असावा, कारण बंदूक वर येते आणि नळ्यांमधली पट्टी थेट डोळ्यासमोर, जणू बोट दाखवावे तशी. वजन दोन्ही हातांच्या मध्ये इतके नेमके बसले आहे की ती तीन किलोंची वाटतच नाही. बाजूचा लिव्हर सुरुवातीला अवघड जातो, कारण वरच्या लिव्हरची सवय झालेला अंगठा जुन्या जागी चाचपडत राहतो. पंधरा दिवसांनी तोच मार्ग जवळचा वाटू लागतो. जो डावखुरा असेल त्याने मात्र ही जात घेऊ नये.

दोषही सांगितले पाहिजेत. रिकामी काडतुसे आपोआप उडून बाहेर पडत नाहीत, फक्त थोडी वर येतात आणि बोटांनी काढावी लागतात. पक्ष्यांची रांग लागली की शेजारचा तीनदा भरून मोकळा होतो आणि मी दुसऱ्यांदा भरत असतो. वेगळी सुरक्षा-कळ नाही. घोडे उतरलेले आहेत की चढलेले हे लांबूनही दिसते, आणि माझ्या मते तेच या बंदुकीचे सुरक्षेचे खरे साधन आहे. वोल्व्हरहॅम्प्टनच्या स्टँटन यांनी १८६७ साली पेटंट घेतलेली उलट-झेपेची रचना हिच्या पट्ट्यांत आहे, म्हणजे घोडा आपटून झाला की स्वतःच अर्ध्यावर परत येतो. त्याआधीच्या बंदुकांत बार उडाल्यावर घोडा हाताने मागे घेतल्याशिवाय बंदूक उघडताच येत नसे. तरीही घोडे चढवणे हे माणसाचेच काम राहते, आणि त्यात माणूस चुकतो. पहिल्या हंगामातल्या डिसेंबरमधल्या एका सकाळी गवतावर दहिवर गोठले होते, बोटे बधिर झाली होती, आणि ओकाच्या शेंड्यावरून एक नर फेझंट असा आला की मंडळातले सगळे माझ्याकडे वळून बघू लागले. उजवी नळी उडाली, चुकली. डावीचा चाप ओढला तर काहीच नाही. डावा घोडा अंगठ्यातून निसटून अर्ध्यावरच राहिला होता. पक्षी निवांतपणे पुढच्या मळ्यात उतरला. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी टोपी किंचित उचलली, ती पक्ष्यासाठी होती की माझ्यासाठी, कोण जाणे. त्या दिवसापासून नियम केला: बंदूक मिटली की नळ्या आकाशाकडे, मग डावा घोडा आधी, उजवा नंतर, आणि दोन्हीचे दुसरे 'कट्' कानांनी ऐकायचे. उतरवायचे तेही बंदूक उघडून, काडतुसे काढून, मगच.

घोड्यांची बंदूक मंद असते हे म्हणणाऱ्यांना इथे एका माणसाचे नाव सांगितले जाते, आणि त्या नावाशी आपला संबंध आहे. १८८२ साली स्थानिक स्वराज्याचा ठराव करणारे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत. त्यांचा मुलगा, दुसरा मार्क्विस, वडिलांच्या कारकिर्दीत हिंदुस्थानात शिकारी करून गेला आणि पुढे इंग्लंडमधला त्या काळचा सर्वांत तेज नेमबाज मानला गेला. आतल्या घोड्यांच्या बंदुका सर्वत्र आल्यानंतरही त्याने पर्डी या लंडनच्या पेढीच्या बाहेरच्या घोड्यांच्या बंदुका सोडल्या नाहीत. तीन बंदुका आणि दोन भरणारे नोकर घेऊन तो उभा राही. १८६७ ते १९२३ या काळात त्याने मारलेल्या प्राण्यांची त्याच्याच नोंदींप्रमाणे संख्या ५,५६,८१३ आहे, आणि सप्टेंबर १९२३ मध्ये माळावर शिकार सुरू असतानाच त्याला मृत्यू आला. राजा पाचवा जॉर्जही घोड्यांच्याच बंदुका पसंत करी. हा आकडा वाचून मला कौतुकापेक्षा शिसारी अधिक येते हे नमूद करतो. साडेपाच लाख जीव हा खेळ नव्हे, रोजमेळ आहे. आमच्या मंडळात मारलेला प्रत्येक पक्षी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जातो. माझ्याकडे येतात ते भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटणात शिजतात. फेझंटचे मांस कोरडे असते, रस्सा दाट लागतो, आणि खाताना दाताखाली छर्रा येईल याची पाहुण्यांना आधी कल्पना द्यावी लागते.

छर्ऱ्यांवरून काडतुसांचा प्रश्न येतो, आणि पुढच्या काही वर्षांत ही बंदूक वापरणे परवडेल की नाही हे त्याच्यावरच ठरेल. हिच्या चेंबरची, म्हणजे काडतूस बसते त्या घराची, लांबी अडीच इंच आहे. आज दुकानात सर्वांत जास्त मिळते ते ७० मिलिमीटरचे काडतूस. ते आत बसते, बंदूक मिटतेही, पण उघडलेले तोंड चेंबरच्या पुढच्या गळ्यात शिरते आणि दाब वाढतो. हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती जुनी बंदूक देऊ नये. मी ६५ मिलिमीटरची, २८ ग्रॅम छर्ऱ्यांची काडतुसे वापरतो, चकत्यांवर त्याहूनही हलकी. खांद्याला धक्का जेमतेम जाणवतो. आजवर छर्रे शिशाचे होते. पाणपक्ष्यांसाठी इंग्लंडमध्ये १९९९ पासून शिसे बंद आहे, आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने ते तीन वर्षांच्या मुदतीनंतर बहुतेक सर्वच शिकारीतून हद्दपार करण्याचे जाहीर केले. पक्षी आणि पाणी यांच्यावर शिशाचे परिणाम पाहता या निर्णयाला माझा विरोध नाही. परंतु पोलादी छर्रे या मऊ नळ्यांत घालणे म्हणजे तवा खरवडण्यासाठी कुऱ्हाड वापरणे. आवळलेल्या डाव्या नळीला तर ते मुळीच चालणार नाहीत. उरतो बिस्मथ. तो शिशाएवढाच मऊ नसला तरी जुन्या नळ्यांना मानवतो, घनता शिशाहून थोडी कमी म्हणून पल्ला किंचित घटतो, आणि किंमत मात्र कित्येक पटींनी चढते. गेल्या हंगामात एक पेटी बिस्मथ लोखंडी पत्र्यावर उडवून छर्ऱ्यांचा पसारा मोजला. तीस यार्डांवर उजवी नळी शिशासारखीच पसरली, डावीने घोळका जरा अधिक दाट ठेवला. चाळीस यार्डांवर मी आता बारच टाकत नाही.

देखभालीत काटकसर करू नये. इथल्या झिमझिम पावसात एक दिवस उभे राहिले की ओल पट्ट्यांच्या आत शिरते. घरी आल्यावर नळ्या, ॲक्शन आणि पुढचे लाकूड सुटे करून पुसायचे, नळ्यांतून तेलाचा बोळा फिरवायचा आणि बंदूक कपाटात तोंड खाली करून ठेवायची, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरून ते मऊ पडत नाही. ही शेवटची गोष्ट मला उशिरा कळली; ॲक्शनच्या मागे दस्त्यावर जो काळपट डाग आहे तो आधीच्या मालकांनी वर्षानुवर्षे तोंड वर करून ठेवल्याचा. पट्ट्या स्वतः उघडू नयेत. त्यांच्या स्क्रूंच्या खाचा केसाएवढ्या बारीक आहेत आणि घरातला स्क्रूड्रायव्हर त्यांचे दोन मिनिटांत वाटोळे करतो. दर उन्हाळ्यात मी बंदूक कारागिराकडे देतो. दोन्ही पट्ट्या उघडणे, साफ करणे आणि भिंती पुन्हा मोजणे यांचे तो दीडशे पौंड घेतो. एकदा त्याने उघडलेली पट्टी माझ्या हातावर ठेवली. बाहेरून कधीही न दिसणारे ते स्प्रिंग आणि खटके इतके घासूनपुसून आरशासारखे केलेले होते की माझ्या बोटाचा ठसा त्यांच्यावर उठला, आणि त्याने लगेच फडक्याने तो पुसला.

भारतातल्या वाचकांसाठी एक बाब. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा प्रश्न मिटला आहे आणि तो तसाच मिटलेला राहावा. पण जुन्या वाड्यांतून, संस्थानी घराण्यांतून इंग्रजी दुनळ्या अजून आहेत. बर्मिंगहॅम आणि लंडनच्या पेढ्यांचे मोठे गिऱ्हाईक हिंदी संस्थानिकच होते, आणि मुंबईत काळा घोड्याजवळच्या आर्मी अँड नेव्ही इमारतीत ज्या भांडाराचे दुकान होते त्या भांडाराच्या नावाच्या दुनळ्या इथल्या लिलावांत आजही निघतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावरील बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली, तेव्हा पुष्कळांनी वडिलोपार्जित बंदूक जमा केली. तुमच्याकडे अशी एखादी असेल तर ती जमा करण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी परवानाधारक विक्रेत्याकडून नळ्यांच्या बुडाचे छाप वाचून घ्या आणि त्यांची छायाचित्रे ठेवा. कुणाच्याही सांगण्यावरून तिच्यातून बार मात्र उडवू नका.

माझी ग्रँट कुणी घ्यावी? वर्षाला दोन हजार काडतुसे उडवणाऱ्याने नव्हे, त्याला आजची वरखाली नळ्यांची बंदूक बरी. डावखुऱ्याने नव्हे. ज्याला खरेदीनंतर दर उन्हाळ्याला दीडशे पौंड आणि काडतुसांच्या पेटीला वाढती किंमत मोजणे जड जाईल त्यानेही नव्हे. बाकीच्यांना मी एवढेच सांगेन की ही जात बाजारात येते, वर्षाकाठी थोडीच येते, आणि तिच्या किमतीत नक्षीला जेवढे वजन दिले जाते तेवढे नळ्यांना दिले जात नाही. त्याचा फायदा गेज घेऊन जाणाऱ्याला मिळतो. तीन हंगामांत हिने साडेसातशे बार टाकले, एकदाही काडतूस अडकले नाही, आणि चुकलेल्या पक्ष्यांपैकी एकाचाही दोष तिच्यावर टाकता येत नाही. गेल्या जूनमध्ये कारागिराने डावी नळी पुन्हा मोजली: ०.६६.